डस्ट कलेक्टर ओढत नाही तेव्हा : कारण शोधण्याची रीत

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी फाउंड्रीतल्या डस्ट कलेक्टरवर काय बोलायचे? आमचे उत्तर साधे आहे. कार्य दिसते आणि कारण दिसत नाही, अशा वेळी माणसाने विचार कसा करावा, हा प्रश्न आमच्या शास्त्राचा आहे. न्यायशास्त्राने डोंगरावरच्या धुरापासून अग्नीकडे जाण्याची वाट हजारो वर्षे तपासली. आज आपण त्याच वाटेने, पण धुराऐवजी धुळीचे बोट धरून जाऊ.

आणि हा केवळ बुद्धीचा खेळ नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्यांची दाटी आहे. तिथे वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, ते निवले की साचा फोडतात. या फोडण्याच्या जागेला कामगार नॉकआउट म्हणतात. वाळू म्हणजे सिलिका. तिचे जाडे कण नाकात, घशात अडकतात. पण जे काही मायक्रॉनचे बारीक कण असतात ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथून परत येत नाहीत. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, टाळता मात्र येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक केले, आणि १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली. तेव्हा "डस्ट कलेक्टर नीट ओढत नाही" हे वाक्य यंत्राबद्दल असले तरी त्याचा हिशेब कुणाच्या तरी श्वासात चुकवला जातो.

यंत्र म्हणजे एक साखळी

आधी यंत्र समजून घेऊ. नॉकआउटवर एक हूड असतो, म्हणजे धूळ गोळा करणारे तोंड. तिथून डक्ट, म्हणजे पत्र्याचा मोठा नळ, निघतो. तो एका उंच पेटीत जातो. पेटीत कापडाच्या लांब पिशव्या, ज्यांना सगळे बॅगा म्हणतात, तारेच्या पिंजऱ्यांवर टांगलेल्या असतात. धुळीची हवा बॅगेच्या बाहेरून आत शिरते, धूळ कापडावर राहते, स्वच्छ हवा वरून निघते. त्यापुढे ब्लोअर आणि शेवटी चिमणी. ठरावीक वेळाने दाबाखालच्या हवेचा झटका वरून बॅगेत सोडतात, त्याला पल्स म्हणतात. बॅग फुगते, वरचा थर खाली हॉपरमध्ये पडतो, आणि तिथून रोटरी एअर लॉक ती धूळ बाहेर टाकतो.

ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच की ही साखळी आहे. ब्लोअर शेवटी बसून सगळ्यांना ओढतो. मधल्या कुठल्याही कडीत बिघाड झाला तरी पहिल्या तोंडाशी, हूडपाशी, तक्रार एकच येते : ओढत नाही. न्यायाच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. तो एका साध्याला बांधलेला नाही, अनेकांबरोबर फिरतो. नुसत्या "ओढत नाही" वरून "बॅगा बदला" असा निष्कर्ष काढणे म्हणजे ताप आला की मलेरियाची गोळी देणे. आणि आपल्याकडे नेमके हेच होते. बॅगा दिसतात, विकत मिळतात, बदलल्याचे बिल दाखवता येते. म्हणून पहिला संशय त्यांच्यावर.

पहिले प्रमाण : तिथे उभा असलेला माणूस

मग सुरुवात कुठून करावी? विचारण्यापासून. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानते, पण आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखेच लागू आहे. आमच्या मते नॉकआउटवर आठ तास उभा राहणारा कामगार हा या बाबतीतला आप्त आहे. त्याला पदवी लागत नाही.

पण विचारायचे नीट. "ओढतो का हो?" असे विचारले तर "नाही" एवढेच उत्तर येईल. असे विचारा : एकदम कमी झाले की हळूहळू? सगळ्या हूडांवर कमी आहे की एकाच? सकाळी कसे असते, दुपारी कसे? पावसाळ्यात बदलते का? त्याआधी कुठे काही काम झाले होते का?

या प्रत्येक उत्तराने शोधाचे रान निम्मे होते. एकाच हूडवर कमी असेल तर दोष त्याच्या फांदीत. सगळीकडे कमी असेल तर दोष सामाईक भागात. हळूहळू कमी झाले असेल तर काहीतरी साचते आहे किंवा झिजते आहे. एकदम झाले असेल तर काहीतरी तुटले, उघडले, बंद झाले किंवा कुणीतरी बदलले. मोटार रिवाइंड करून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून ओढ गेली, असे कुणी म्हणाले तर आधी ब्लोअर कुठल्या दिशेने फिरतो ते पाहा. दोन फेज उलट जोडल्या गेल्या की हा ब्लोअर उलटा फिरतो, आणि गंमत अशी की उलटा फिरूनही हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त फार कमी. वारा येतोय म्हणून कुणाला शंका येत नाही.

फुंकणे आणि ओढणे

यंत्राला हात लावण्याआधी आणखी एक गोष्ट. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकून विझते. तीच मेणबत्ती श्वास आत ओढून विझवून दाखवा. जमणार नाही. फुंकलेली हवा सरळ झोतात दूर जाते. ओढलेली हवा मात्र तोंडाच्या चहूबाजूंनी येते. ओढणाऱ्या नळाच्या तोंडापासून नळाच्या व्यासाइतके दूर गेलो की वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या साधारण १० टक्केच उरतो. फुंकताना तेवढी घट व्हायला जवळजवळ ३० व्यास अंतर लागते.

याचा अर्थ काय? क्रेनला अडतो म्हणून कुणी हूड हातभर वर उचलला असेल, तर डस्ट कलेक्टर निरोगी असूनही धूळ बाहेरच राहील. शेजारी मोठा पंखा लावला असेल तर तो फुंकतो, हूड ओढतो, आणि या झगड्यात फुंकणारा जिंकतो. तेव्हा हूड आणि धूळ यांत अंतर किती, मधे आडवा वारा आहे का, हे आधी बघा. यंत्र न उघडता सुटणारे प्रश्न आधी सोडवावेत.

चार आकडे

आता मोजमाप. इथे लागणारी साधने फार महाग नाहीत. पाणी भरलेली यू आकाराची नळीसुद्धा चालते. हवेचा हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याइतका; आपल्याला लागणारे आकडे काही मिलिमीटर ते काही शे मिलिमीटर एवढेच असतात.

पहिला आकडा हूडलगतच्या डक्टमधली ओढ. दुसरा बॅगांच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, ज्याला कारखान्यात डीपी म्हणतात. पल्सच्या यंत्रात तो साधारण ७५ ते १५० मिलिमीटर पाणी असतो. तिसरा ब्लोअरच्या तोंडाची ओढ. चौथा मोटारीचे अँपिअर. यंत्र नवे असताना किंवा ठीक चालत असताना हे चार आकडे लिहून पेटीवर चिकटवून ठेवावेत. निरोगी माणसाची नाडी माहीत नसेल तर आजाऱ्याची काय कळणार?

हूडची ओढ हा आकडा विशेष बोलका. ती वाऱ्याच्या प्रमाणाच्या वर्गाने बदलते. पूर्वी ४० मिलिमीटर होती आणि आज १० आहे, तर हवा पावपट झाली नाही, निम्मी झाली. पण निम्मीही थोडकी गोष्ट नाही. फाउंड्रीच्या धुळीला डक्टमध्ये तरंगत ठेवायला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. तो ९-१० वर आला की वाळू आडव्या नळात बसायला लागते. बसली की वाट अरुंद होते, हवा आणखी कमी होते, आणखी बसते. पहिल्या बिघाडाचे कार्य दुसऱ्या बिघाडाचे कारण बनते. म्हणून डक्टवर लाकडी मुठीने ठोकून पाहावे. रिकामा पत्रा वाजतो, भरलेला बद्द बोलतो.

गेज अर्धेच बोलते

आता सगळ्यात फसवा प्रसंग. हूडवर ओढ नाही, आणि डीपी बघावा तर अगदी कमी, ३० मिलिमीटर. लोक म्हणतात, "डीपी कमी आहे, म्हणजे बॅगा मोकळ्या आहेत, म्हणजे सगळे ठीक आहे."

नैयायिकांचे एक जुने उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओले सरपणही लागते. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. फाउंड्रीवाल्यांना लाल लोखंडाचे उदाहरण वेगळे समजवायला नको!

"डीपी कमी तर बॅगा मोकळ्या" या विधानातही उपाधी लपलेली आहे : हवा पूर्ण वाहत असेल तर. हवाच वाहत नसेल तर चिखल झालेल्या बॅगांवरही डीपी कमी दिसेल. डीपी एकटा वाचायचा नाही, हूडच्या ओढीबरोबर वाचायचा. शिवाय गेज स्वतः ठीक आहे का? त्याच्या दोन्ही नळ्या काढल्या की काटा शून्यावर आला पाहिजे. नळीत धूळ भरलेली असेल तर आकडा खोटा. नळी गेजपासून सोडवून मग फुंकून साफ करावी. गेजमध्ये फुंकू नये.

उरलेले ते कारण

न्यायसूत्रात अनुमानाचा एक प्रकार शेषवत् म्हणून सांगितला आहे. त्याचा एक अर्थ असा : शक्यता मांडा, न बसणाऱ्या वगळा, जे शेष राहते ते साध्य. आपले चार आकडे हेच काम करतात. सगळ्या हूडांवर ओढ कमी आहे असे धरून चार प्रसंग पाहू.

एक : डीपी जास्त, ब्लोअरच्या तोंडाची ओढ जास्त, अँपिअर कमी. ब्लोअर जोर करतो आहे, पण बॅगा वाट देत नाहीत. संशय बॅगांवर, आणि आता तो रास्त आहे.

दोन : डीपी कमी, ब्लोअरच्या तोंडाची ओढ जास्त, अँपिअर कमी. अडथळा आहे, पण बॅगांत नाही. मुख्य डक्ट तुंबला असेल किंवा कुठला डॅम्पर मिटला असेल.

तीन : डीपी कमी, ब्लोअरची ओढ कमी, अँपिअरही कमी. ब्लोअरच अशक्त आहे. बेल्ट घसरतो, पाती झिजली, त्यांवर धूळ चिकटली, किंवा तो उलटा फिरतो. चिमणीकडची वाट मिटली असेल तरी असेच दिसते, तेव्हा तीही पाहावी. बेल्टला कमी लेखू नका. फेरे १० टक्के घटले की हवा १० टक्के, दाब १९ टक्के घटतो.

चार : ब्लोअरची ओढ कमी, पण अँपिअर पुरेसे किंवा जास्तच. म्हणजे ब्लोअर हवा भरपूर ओढतो आहे, फक्त हूडमधून नाही. कुठेतरी सोपी वाट सापडली आहे. डीपी ठीक किंवा जास्त असेल तर गळती बॅगांच्या आधी : फाटका डक्ट, उघडा राहिलेला दरवाजा, झिजलेला रोटरी एअर लॉक, किंवा कुणाला न विचारता जोडलेली नवी फांदी. डीपी कमी असेल तर गळती बॅगांनंतर, किंवा बॅगाच फाटल्या आहेत. तसे असेल तर चिमणी सांगेलच. झिजलेला एअर लॉक दुहेरी नुकसान करतो. हवा खातो, आणि खालून येणाऱ्या वाऱ्याने पडलेली धूळ परत बॅगांवर उडवतो. गळतीच्या जागी उदबत्ती धरली की धूर आत वळतो. पुन्हा धूरच हेतू! पण ॲल्युमिनियम, साखर, पीठ, लाकूड अशी पेट घेणारी धूळ असेल तिथे उदबत्तीही नको, ठिणगीही नको.

बॅगा का तुंबतात

पहिल्या प्रसंगात बॅगा दोषी ठरल्या, तरी शोध संपला नाही. बॅग तुंबणे हे कारण आहे तसे कार्यही आहे. ती का तुंबली हे न विचारता नवी घातली तर नवीही तुंबेल.

आधी पल्स ऐका. चांगला पल्स कोरडा, करकरीत "फट्" वाजतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. "फुस्स" असा लांबला तर डायफ्राम फाटला आहे. एखाद्या ओळीचा आवाजच येत नसेल तर तिचा सोलेनॉइड गेला. हवेचा दाब साधारण ५ ते ७ बार असावा आणि पुढच्या पल्सआधी पुन्हा भरावा. कंप्रेसरच्या हवेत पाणी असेल तर पल्स धूळ झाडत नाही, तिचा गारा करतो. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती असते. तिला ओल लागली की काय होते हे सांगायला नको. पावसाळ्यात गार सकाळी गरम साच्यांची वाफ थंड पेटीत शिरते आणि बॅगांवर दव धरते. "सकाळी कसे असते" हा प्रश्न आम्ही उगीच सांगितला नाही.

मग हॉपर पाहा. हॉपर हे कोठार नव्हे, वाट आहे. तो भरला की धूळ वर बॅगांपर्यंत चढते.

आणि एक सोपी कसोटी : ब्लोअर बंद करून पल्सच्या चार-सहा फेऱ्या होऊ द्या, मग चालू करा. डीपी उतरून लगेच चढला तर कापड बरे आहे, पण चालू हवेत धूळ खाली पडू शकत नाही. मुळीच उतरला नाही तर कापडाचे रंध्र बुजले, बॅगा बदला. बदलल्यावर पहिल्या दिवशी डॅम्पर थोडा मिटून हवा हळूहळू वाढवा, कारण कोऱ्या कापडावर धुळीचा थर नसतो आणि बारीक कण थेट आत रुततात. खरी गाळणी तो थर करतो. म्हणूनच पल्स अति वारंवार करणेही वाईट.

कुंभाराचे गाढव

घट कशामुळे झाला? कुंभार, माती, चाक, दंड. पण माती आणणारे गाढवही आधी हजर होतेच की! नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध. आधी असणे वेगळे आणि कारण असणे वेगळे.

कारखान्यात अशी गाढवे पुष्कळ. सुट्टीच्या दिवशी बॅगा बदलल्या, बेल्ट ताणला, एअर लॉक दुरुस्त केला, डक्ट झाडला, आणि सोमवारी ओढ आली. श्रेय कुणाला? ज्याचे बिल मोठे त्याला. सहा महिन्यांनी ओढ पुन्हा गेली की पुन्हा बॅगा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची रीत सांगितली : बाकी सगळे तसेच ठेवून एकच गोष्ट बदला, आणि काय बदलते ते पाहा. एक दुरुस्ती, मग चार आकडे, मग दुसरी दुरुस्ती. वेळ थोडा जातो, पण ज्ञान उरते.

दिसत नाही म्हणजे नाही?

शेवटचा मुद्दा. दुरुस्ती झाली, धूळ दिसेनाशी झाली. झाले का काम? एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ती असती तर नक्की दिसली असती. घातक धूळ या अटीत बसत नाही. ती इतकी बारीक की उजेडात दिसतच नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी कवडशात नाचणाऱ्या कणाला त्रसरेणू म्हटले आणि दिसणाऱ्या वस्तूंची शेवटची पायरी मानले. तीच युक्ती इथे वापरा. अंधार करून एका बाजूने तीव्र टॉर्च लावा आणि उजेडाच्या साधारण समोरून, दिव्याचा थेट झोत डोळ्यांवर येऊ न देता, पाहा. कुणाच्या तोंडाजवळून काय वाहते ते दिसेल. नेमके प्रमाण मात्र हवेचा नमुना घेऊन प्रयोगशाळेतच ठरते.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, ओढ परत येईपर्यंत मास्क दिला तर चालेल का?)

द्यावाच, चांगला, चेहऱ्याला नीट बसणारा द्यावा. पण मास्क हा यंत्राचा पर्याय नव्हे. मास्क द्यायचा आणि दुरुस्ती पुढे ढकलायची, यात बिघाडाचा भार यंत्रावरून माणसावर जातो. आणि दुरुस्ती करणाऱ्याचीही काळजी घ्या. दरवाजा उघडण्याआधी वीज तोडून कुलूप लावा, कोंडलेली हवा सोडा, आत एकट्याला उतरवू नका. पेट घेणाऱ्या धुळीबद्दल तर हयगय नकोच. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे साखरेच्या कारखान्यात १४ माणसे गेली. साखर वाहणारा पट्टा पत्र्याने झाकला होता, पण आतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नव्हती. महाराष्ट्रात साखर किती होते हे आपण जाणताच.

तर मंडळी, कारण शोधणे म्हणजे दोषी पकडण्याची घाई नव्हे. आधी ऐका, मग मोजा, एक-एक शक्यता वगळा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच माणसाला विचारा ज्याने पहिल्यांदा सांगितले होते. तो "आता ओढतो" म्हणाला आणि आकड्यांनीही दुजोरा दिला, तर प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द तिन्ही प्रमाणे जुळली असे समजा. इथे आम्ही थांबतो.